दत्तारामभाऊंना परवाना नव्हता

ऑगस्टमधला रविवार होता, कुवेतमध्ये तो कामाचा दिवस. आमच्या बँकेत नव्या संगणकप्रणालीवर बैठक चालू होती आणि माझा फोन तिसऱ्यांदा थरथरला. दोनदा मी तो कापला होता. मग संदेश आला : ‘दत्ताराम काल दुपारी गेले. झोपेत. त्यांच्या मोबाइलात तुमचा नंबर वरच होता, म्हणून कळवतो. पेडणेकर.’ हे पेडणेकर सुतार. शुवैख या गॅरेजांच्या भागात दत्ताराम धरून चौघे एका खोलीत राहायचे, त्यांतले एक. मी फोन पालथा ठेवला आणि बैठक संपेपर्यंत पंचवीस मिनिटं तिथेच बसून राहिलो. त्या पंचवीस मिनिटांत माझ्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? माझी मोटारसायकल त्यांच्या गॅरेजमध्ये आहे, आता ऑक्टोबरमध्ये ती रस्त्यावर कोण आणणार... तो विचार वगळून हा लेख लिहिता आला असता. पण मग तो दत्तारामभाऊंविषयी झाला नसता, माझ्याविषयी झाला असता, आणि तोही खोटा.

दत्ताराम विजयदुर्गाजवळच्या एका गावचे. तिशीत कुवेतला आले ते छप्पन्नाव्या वर्षापर्यंत एकाच गॅरेजात राहिले. बायको आणि दोन मुली गावी. दोन वर्षांतून एकदा दीड महिना घरी, बाकी सगळं आयुष्य त्या एका गल्लीत. मोठ्या मोटारसायकलींमध्ये त्यांचा हात धरणारा माणूस शुवैखमध्ये नव्हता. कुवेती तरुण त्यांच्या लाखमोलाच्या गाड्या फक्त ‘दत्ता’च्या हाती द्यायचे. मी त्यांच्याकडे गेलो तो बेचाळिसाव्या वर्षी हौसेनं घेतलेली जुनी गाडी घेऊन. मी मराठीत बोललो तसे हातातला पाना खाली ठेवून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “पुण्याचे काय?” मी हो म्हटल्यावर म्हणाले, “तरीच. चेन कोरडी ठणठणीत आणि आरसे मात्र पुसलेले.”

इथे गाड्या हिवाळ्यात नाही, उन्हाळ्यात झोपतात. मे संपता संपता डांबर इतकं तापतं की हौशी माणूस गाडी झाकून ठेवतो ती थेट ऑक्टोबरपर्यंत. चार-पाच महिन्यांत बॅटरी मरते, टाकीतलं पेट्रोल खराब होतं, रबर तडकतं. मग ऑक्टोबर आला की जो तो आपली गाडी घेऊन उतावीळ होऊन उभा, आणि त्या गर्दीत दत्ताराम एखाद्या सुइणीसारखे शांत. जुनं पेट्रोल काढून टाकायचे, ब्रेकचं तेल बदलायचे, टायरवर अंगठ्याचं नख दाबून बघायचे. “गाडी उन्हाळ्यात मरत नाय, सायबानू,” मला म्हणायचे. “माणूस तिका मारता, घाई करून.” सगळं झालं की गाडी सुरू करून गल्लीच्या टोकापर्यंत नेत आणि तिथून वळून परत आणत. त्यापुढे नाही. मला वाटायचं, ही त्यांची तपासायची रीत असेल. दुसऱ्या वर्षी कळलं की त्यांना परवानाच नव्हता. इथे आमच्यासारख्या परदेशी माणसाला परवाना हवा तर ठरावीक पगार लागतो, पदवी लागते. त्यांच्याकडे दोन्ही नव्हतं. ज्या गाड्या त्यांनी इतकी वर्षं जिवंत केल्या, त्यांतली एकही त्यांनी मोठ्या रस्त्यावर चालवली नव्हती.

ते कळल्यावर मी मोठ्या मनाचा झालो. म्हटलं, हंगामाच्या पहिल्या शुक्रवारी आमचा ग्रुप शहराबाहेर, शेतांकडच्या वफ्र्याला जातो, तुम्ही माझ्या मागे बसून चला. शुक्रवारी सकाळी गेलो तर ते गॅरेजबाहेर माझी वाट बघत उभे. पांढरा इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस आणि पेडणेकरांकडून मागून आणलेले बूट. शहर मागे पडलं तसे त्यांचे हात माझ्या खांद्यावर घट्ट झाले. “जरा सावकास,” ते कानाशी म्हणाले, आणि मी वेग कमी करताच, “नको, नको... आसांदे.” वफ्र्याला शेतांच्या कडेला आम्ही सगळे नाश्त्याला थांबलो. तिथे मी त्यांना माझ्या गाडीवर पुढे बसवून फोटो काढला. दोन्ही हात हँडलवर, नजर समोर. गाडी स्टँडवर उभी आहे हे फोटोत दिसू नये म्हणून मी तो कमरेपासून वर घेतला. मग सगळे चहाला बसलो, तेव्हा ग्रुपमधला सागर, आयटीतला, ठाण्याचा, मोठ्यानं म्हणाला, “लिमये, पुढच्या वेळी मेकॅनिकला मागच्या पिकअपमध्ये हत्यारांबरोबर पाठव ना यार. सीट ग्रीसची होईल.” सगळे हसले. मीही हसलो. इतरांपेक्षा थोडं जास्तच हसलो असेन, कारण त्या ग्रुपमध्ये मी नवा होतो. दत्ताराम चार हात अंतरावर कागदी कप धरून उभे होते, आणि सागर बोलला होता मराठीत.

परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवले नाहीत. मागची लोखंडी दांडी धरून बसले. गल्लीत उतरल्यावर म्हणाले, “बरा झाला. बघूक गावला.” पुन्हा येता का, असं मी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही.

पुढच्या ऑक्टोबरात हंगामाच्या आदल्या गुरुवारी मी गाडी न्यायला गेलो तर ती अजून घोडीवर. “पुढच्या ब्रेकच्या पायपाक चीर पडली हा,” ते म्हणाले. “नवो पाइप चार दिवसांनी येतलो. आज मी गाडी सोडूचंय नाय.” दुसऱ्या दिवशी सकाळी बावीस जण निघणार होते आणि या वेळी मला पुढे राहायला सांगितलं होतं. मी वाद घातला. चीर केसाएवढी होती, मला तर दिसतही नव्हती. ते गाडीसमोरून हलेनात. मला वाटलं, हा माणूस वर्षभरानं सूड उगवतोय. आणि मी म्हणालो, “दत्तारामभाऊ, तुम्ही आयुष्यात कधी रस्त्यावर चालवली आहे का? तुम्हाला काय कळणार?”

त्यांनी हात पुसले. किल्ली कुठेतरी खिळ्याला होती, ती काढून माझ्या हातात ठेवली आणि आत निघून गेले.

शुक्रवारी वफ्र्याच्या अलीकडच्या गोल चौकात मी पुढचा ब्रेक दाबला तर दांडा थेट मुठीला टेकला. मी वाळूत गेलो आणि गाडी माझ्यावर आली. गळ्याजवळचं हाड मोडलं. ग्रुपनं मला कुणाच्या तरी गाडीत घालून हॉस्पिटलात पाठवलं आणि पुढे नाश्त्याला गेला. वाळूत पडलेली मोटारसायकल आणायला त्यांच्यातलं कोणी थांबलं नाही. ती आणली दत्तारामांनी. सुट्टीच्या एकुलत्या एका दिवशी, रिकव्हरीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून. हे मला पेडणेकरांनी पुढे सांगितलं. मला बघायला मात्र दत्ताराम आले नाहीत.

दोन महिन्यांनी गाडी घ्यायला गेलो तेव्हा ती नव्यासारखी होती. मी काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो. ते म्हणाले, “हो गया, सर. चला के देख लीजिए.” मला आधी समजलंच नाही काय बदललं ते. मग लक्षात आलं... ते माझ्याशी हिंदीत बोलत होते. बाकीच्या गिऱ्हाइकांशी बोलायचे तसे, अदबीनं. मी मराठीत विचारायचो, ते हिंदीत उत्तर द्यायचे. जूनच्या सुरुवातीला गाडी उन्हाळ्यासाठी त्यांच्याकडे सोडली, तेव्हाही “ठीक है, सर, रख दीजिए” एवढंच. मी म्हणालो, “भाऊ, त्या दिवशीचं मनात ठेवू नका.” ते म्हणाले, “किस दिन का, सर?” आणि दुसऱ्या गाडीकडे वळले. मला राग आला. मी माझ्या मोटारीत बसलो, एसी लावला आणि घरी गेलो. तीच शेवटची भेट.

शवागारात पेडणेकरांबरोबर मी गेलो, कारण कागदपत्रांसाठी थोडंफार अरबी बोलता येणारा माणूस हवा होता. कारकुनानं फॉर्म पुढे ओढून माझ्याकडे बोट केलं. “सदीक?” म्हणजे मित्र का? मी म्हणालो, ते माझी मोटारसायकल दुरुस्त करायचे. पेडणेकरांनी माझ्याकडे पाहिलं. कारकुनाला तेवढं लांबण लिहायचं नव्हतं. त्यानं सदीक लिहिलं आणि मी खाली सही केली.

विमान कधी पोचेल ते कळवायला गावी फोन लावला तर त्यांच्या बायकोनं उचलला. रडून रडून आवाज बसला होता. नाव सांगताच म्हणाली, “तुमीच ते सायब? वफ्र्याचे?” मग म्हणाली, गावात सगळ्यांना तो फोटो दाखवला, धाकटीनं मोठा करून भिंतीवर लावला आहे. “मोठ्या रस्त्यावरून ह्यांनीच चालवली ना? तुमी पाठी बसलेलास ना?”

“हो,” मी म्हणालो.

“बरी चालवायचे?”

“माझ्यापेक्षा बरी.”

“तुमच्याबद्दल लय सांगायचे. परदेशात आपलो माणूस गावलो म्हणायचे.” केव्हा म्हणायचे, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या गुरुवारच्या आधी की नंतरही... आता ते सांगणारं कुणी नाही.

ऑक्टोबर उजाडला. गॅरेजच्या मालकानं निरोप पाठवला, आमच्याकडे आता मेकॅनिक नाही, गाडी घेऊन जा. चार महिने पडलेली गाडी. सुरू करून बघायलाही मी धजलो नाही. रिकव्हरीच्या गाडीवर चढवून ती मी दोन गल्ल्या पलीकडच्या गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक केरळचा, नुकताच आलेला, दत्तारामांचं नावही त्याला माहीत नव्हतं. मी त्याला म्हणालो, सगळंच करावं लागेल. त्यानं झाकण काढलं, टाकीत बघितलं, बॅटरी बघितली, गुडघे टेकून चाकं बघितली आणि गोंधळून उठला. टाकी कोरडी, आत पातळ तेलाचा हात फिरवलेला. बॅटरीची तार सोडवून टोकांना ग्रीस. चेनला तेल, टायरात भरपूर हवा. दोन्ही ब्रेकचे पाइप नवे, आणि एक्झॉस्टच्या तोंडात वाळू जाऊ नये म्हणून स्वच्छ कापडाचा बोळा. जूनमध्ये, मी एसी लावून घरी निघून गेल्यावर, हे सगळं कुणीतरी बसून केलं होतं. मी सांगितलं नव्हतं.

त्यानं बोळा काढला, पेट्रोल ओतलं, तार जोडली, बटण दाबलं. गाडी पहिल्याच दाबाला सुरू झाली.

तो खूश होऊन हसला. मग पुढच्या ब्रेकची डबी बोटानं टिचकावत म्हणाला, “सर, जिसने ये काम किया है, उससे पूछ लीजिए, ब्रेक में कौन सा ऑइल डाला है. दूसरा मिक्स नहीं होना चाहिए.”

“पूछ के बताता हूँ,” मी म्हणालो.