मागितला पाऊस, मिळालं ऊन

त्या रविवारी सकाळी मी देवापुढे हात जोडले ते पाऊस मागायला. आमच्या ऑफिसच्या बेसबॉल संघाचा नेहमीचा पिचर तापाने आडवा झाला होता आणि चेंडू टाकायची पाळी माझ्यावर आली होती. पुण्यात कॉलेजभर क्रिकेट खेळलेला मी, पण इथे माझा चेंडू धड कधी पडलाच नव्हता. त्यातून ओनो-सानांचा तो शेवटचा सामना. जपानात आल्यावर कचरा कसा वेगळा करायचा इथपासून मला शिकवणारे हे आमचे साहेब, संघाचे कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणारे. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ते खेळ सोडणार होते आणि शेजारच्या कंपनीला एकदा तरी हरवायचं, ही त्यांची जुनी इच्छा होती. माझ्या हातून तिचं वाटोळं होण्यापेक्षा सामनाच बुडालेला बरा! "बाप्पा, धो धो पाड," म्हटलं. बायको म्हणाली, "अरे, तू देवाकडे मागतोस की त्याला कामाला लावतोस?"

ढग आले, पण पाऊस काही येईना. निशी-कसाईजवळ नदीकाठच्या मैदानावर सामना झाला. शेजारच्या कंपनीवाल्यांनी मला धू धू धुतलं, पण आमच्या लोकांनीही हात धुऊन घेतले आणि शेवटच्या डावात आम्ही चक्क एका धावेने पुढे होतो. मग माझं नेहमीचं सुरू झालं. कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर बोटांच्या खुणेने सांगतो. पटलं नाही तर पिचर मान हलवतो. मला कधी पटायचंच नाही. मान हलवून हलवून मी माझ्या मनाचे चेंडू टाकले, ते सगळे भलतीकडे गेले; असे चार गेले की बॅटरला बेस फुकट मिळतो, तसे तिन्ही बेस भरले. तीन गडी बाद केले की सामना आमचा, पण एकही बाद नव्हता.

ओनो-सान लंगडत माझ्याजवळ आले. वाटलं, आता बोलणी बसणार. ते एवढंच म्हणाले, "मी ग्लोव्ह धरीन, तिथे टाका. पुढचं मी बघतो." ते परत जाऊन बसले आणि नेमके तेव्हाच ढग फाटले. मावळतीचं ऊन थेट माझ्या डोळ्यांत! बोटं दिसेनात, बॅटर दिसेना. मी मनातल्या मनात बाप्पावर उखडलोच. मागितला पाऊस आणि दिलंस हे? पण मान हलवायची तर खूण दिसायला हवी ना! त्या झगझगाटात एकच दिसत होतं, ओनो-सानांचा काळा ग्लोव्ह. "घे बाबा, आता तूच बघ," म्हटलं आणि चेंडू सोडला.

थाड्! बॅटर हुकला, स्ट्राइक. पुन्हा थाड्! हात माझाच होता, पण त्यातला सगळा हट्ट कुठे गेला कोण जाणे. पहिला बॅटर गेला, दुसरा गेला. तिसऱ्याने जीव खाऊन बॅट फिरवली, नुसती हवा! अहो, ज्याचा चेंडू मागच्या जाळीत जायचा त्या मी ओळीने तिघांना बॅट लावू दिली नाही. "गणपती बाप्पा मोरया!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो आणि अर्थ न कळताही अख्खा संघ "मोरया, मोरया" करत माझ्या अंगावर पडला.

ओनो-सान तोंडावरची जाळी काढून रडत होते. मी विचारलं, "शेवटी कोणत्या खुणा करत होतात? मला दिसल्याच नाहीत."

"केल्याच नाहीत," ते डोळे पुसत म्हणाले. "तुम्हाला दिसत नाही हे कळलं होतं. नुसता ग्लोव्ह धरून बसलो होतो."

घरी आलो तेव्हा बायकोने देवाजवळ दिवा लावला होता. एरवी माझ्या मागण्या संपता संपत नाहीत. त्या दिवशी हात जोडले आणि मागायचं काही सुचेचना. डोळे वाहत होते, ते मी पुसलेही नाहीत. एवढंच म्हणालो, "बाप्पा, माझं ऐकलं नाहीस, फार उपकार झाले."