आंबेनळी घाटातले पाच थांबे

"आई, या वेळी तरी स्वतःच्या पायांनी पोच," निघताना लेक म्हणाली. टोमणा बरोबरच होता. गेल्या अर्धमॅरेथॉनमध्ये पहिले चौदा किलोमीटर मी सुसाट धावले आणि उरलेले सात रुग्णवाहिकेच्या खिडकीतून पाहिले. मृणाल बारावीला आहे. पुस्तक उघडलं की जेवायलाही उठत नाही, माझ्यावरच गेलीय. तर मी ठरवलं होतं, पोलादपूरहून आंबेनळी घाटात बारा किलोमीटर धावायचं, एकदाही न थांबता. नाही जमलं तर बूट कुणाला तरी देऊन टाकायचे आणि गुमान घरी बसायचं.

ठाण्याहून एसटीने महाडला पोचायला पाच-सहा तास लागतात. स्टँडजवळ साधी, स्वच्छ खोली मिळते. संध्याकाळी चवदार तळ्याच्या काठावर बसले. हक्काच्या ओंजळभर पाण्यासाठी माणसं इथवर चालत आली होती, हे आठवलं की आपल्या महागड्या बुटांची मिजास आपोआप उतरते. रात्री बाजारातल्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि मटण हाणलं. धावायच्या आदल्या दिवशी असं जेवू नये म्हणतात. म्हणोत बापडे!

सकाळी सलीमभाईंच्या रिक्षाने पोलादपूर. वीस वर्षं कुवेतला ट्रेलर चालवून ते महाडला परतलेत. पाण्याच्या बाटल्या घेऊन ते माझ्यामागून येणार होते. तुम्ही येणार असाल तर हायवेवर धावू नका, कशेडी घाटाकडे जाणारे ट्रक अंगावर येतात. आणि हिवाळ्यातच या, पावसाळ्यात घाटात दरडी पडतात.

सुरुवातीचा रस्ता सोपा, हवा गार, दोन्ही बाजूंना डोंगर. काय सांगू, पाय जमिनीला लागत नव्हते! चढ सुरू झाल्यावरही मी वेग सोडला नाही. सहाव्या किलोमीटरनंतर डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक साठीची बाई वाटेत लागली. "कशाला धावतेस गो? गाडी हाय ना मागं!" ती हसली. मी हात हलवून पुढे.

सातव्या किलोमीटरला पोटऱ्या दगड झाल्या. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले आणि चक्क रडू आलं. सलीमभाईंनी रिक्षा शेजारी उभी केली. "बसा मॅडम, कुणाला कळणार आहे?" मी उठले, एक पाय रिक्षात ठेवलासुद्धा.

तेवढ्यात ती मोळीवाली आली. तिने त्याच कठड्यावर मोळी उतरवली आणि आरामात बसली.

"दमलात का मावशी?" मी विचारलं.

"नाय गो. दमले नाय म्हणून तर बसलंय. दमून बसलं का मग उठवत नाय." तिने पदराने मान पुसली. "हितं बसायचा, मग त्या आंब्याखाली, मग वाडीच्या फाट्याला. माझी सासू पन हितंच बसायची."

मला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं घड्याळं बांधून धावतेय आणि ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी पाय रिक्षातून काढला. सलीमभाईंनी बाटली पुढे केली.

मावशींबरोबर चालत आंब्याखाली बसले, मग फाट्याला. तिथून त्या वाडीकडे वळल्या, मोळीसकट, श्वाससुद्धा न चढता. बाई कसली, वाघीण! पुढे मी एक वळण धावायची, एक चालायची. आणखी दोनदा बसले, दोन्ही वेळा दमायच्या आधी. आणि बारावा किलोमीटर आला. वरच्या टपरीवर सलीमभाईंनी चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत.

घरी आले तर मृणाल टेबलाशी. समोर भौतिकशास्त्र, बाजूला साय धरलेला चहा.

"थांबलीस का गं मध्ये?"

"पाच वेळा."

तिचा चेहरा पडला. "म्हणजे नाही जमलं?"

"पोचले की! माझ्या पायांनी." मी तिचं पुस्तक मिटलं. "दमलीस?"

"छे, अजून दोन तास बसेन."

"मग चल, गच्चीवर जाऊ."

"अगं, पण मी दमले नाहीये!"

"म्हणूनच," मी म्हटलं आणि तिच्या चपला पुढे सरकवल्या.