पांढरं चालत नाही

"हा काढा," साहेब म्हणाला. "पांढरं कॅमेऱ्याला चालत नाही."

मी सात वर्षांची. अंगात नवाकोरा पांढरा झगा. सिनेमावाले दापोडीत आमच्या गल्लीत येणार म्हणून आईनं आठ दिवस खपून हातानं शिवलेला. तीच मुलं दर सात वर्षांनी, पार मोठी होईपर्यंत दाखवायची, असं त्यांचं काम होतं. त्यात एक मी आणि एक पुण्यातल्या बंगल्यातली मुलगी.

"रोजचा घाला हिला."

"रोजचा वला हाय, साहेब. आत्ताच धुतलाय," आई म्हणाली.

साहेबानं घरभर नजर फिरवली. चुलीपाशी फडकं पडलं होतं, भांडी उतरवायचं. माझाच जुना झगा तो.

"हा चालेल."

आईनं तो झटकला. काजळी उडाली. माझ्या डोक्यातून घातला, पण माझ्याकडं बघितलं नाही. दारात सगळी गल्ली उभी. पोरं फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाताना साहेब म्हणाला, "परत येऊ." शेजारची म्हातारी पुटपुटली, "हेच्यापेक्षा साडेसाती बरी. एकदा गेली की वीस-बावीस वर्सं येत न्हाई."

आईनं साहेबाचं पांढऱ्याबद्दलचं बोलणं खरं धरलं. शाळेच्या फोटोलाही तिनं मला कधी पांढरं घालू दिलं नाही.

चौदाव्या वर्षी ते आले. मी वर्गात पहिली होते. ते त्यांना नको होतं. हंडा देऊन नळावर उभी केली.

मग ते टीव्हीवर लागलं. कामगार केंद्रात सगळी गल्ली जमली. आधी बंगल्यातली मुलगी, सात वर्षांची, झोपाळ्यावर. पांढराशुभ्र झगा, कडक इस्त्रीचा. तिच्यामागून मी. काजळीत.

घरी आल्यावर आईनं चूल पेटवली. मग म्हणाली, "चालत व्हतं की गं पांढरं."

एवढंच. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

एकविसाव्या वर्षी सिनेमावाल्यांची जीप परत आली. मी तेव्हा पिंपरीत कंपनीत पॅकिंगला होते. पांढरी साडी नेसून दारात उभी राहिले.

साहेबाचे केस पिकले होते. "ही नको. रोजचं काहीतरी नेस."

"हीच."

"मग शूटिंग होणार नाही."

"नका करू."

तो हसला. "बिघडत नाही. सात वर्षांची तू आहेस ना आमच्याकडे. तीच दाखवत राहू."

जीप गेली. तो खरंच बोलत होता. ती सात वर्षांची पोर त्यांच्या फिल्मच्या डब्यात बंद आहे. तिला कुठं, कुणापुढं उभी करतील, मला कळणारही नाही. आज या गावात, उद्या त्या.

म्हणून हे लिहिलं. आईनं शिवलेल्या त्या झग्याच्या गळ्याला निळा दोरा होता. हे कुठल्याच रिळात नाही. ते तिला दाखवतायत असं जिथं कानावर येईल, तिथं मी जाणार. भर खेळात उठून उभी राहणार, पांढऱ्या साडीत. सांगणार, हे फडकं आहे. हिचा झगा तुम्ही काढायला लावलात.