अनुपमाताईचा वरचा सा

तुमच्या घरातला एखादा आवाज कायमचा बंद झाला, तर तो तुमच्या डोक्यात जसाच्या तसा किती वर्षं टिकेल? छातीठोक उत्तर देऊ नका. खामगावचा हरिओमही आधी छातीठोकच बोलायचा.

हरिओमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतांवरचे जळालेले पंप त्याच्याकडे येतात. मोटर नुसती गुणगुणली तरी आत काय बिघडलंय, हे तो खोलायच्या आधी सांगतो. असा कान असलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी व्हायोलिन शिकायला बसला आणि त्याच कानानं त्याचा छळ मांडला. चुकलेलं लगेच कळायचं. बरोबर कसं काढायचं, ते मात्र बोटांना कळत नव्हतं.

हे वेड बहिणीपायी. अनुपमाताई मोताळ्याजवळच्या त्यांच्या गावात भजनाला गायची. गायची म्हणजे कशी? पुरुष पुढे, माइक त्यांच्या तोंडाशी, बायका मागे भिंतीला. बायकांनी गाऊ नये असा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. असले नियम लिहावे लागत नाहीत. पण गवळणीच्या शेवटी वरचा सा आला की पुढच्यांचा दम तुटायचा, आणि मागून ताईचा सूर निघायचा. सरळ, स्वच्छ, कुठे चीर नाही. बुवा मग खाली बघून टाळ वाजवत बसायचे. लहानगा हरिओम तेव्हा ताईच्या पाठीला टेकलेला असायचा. तो सूर त्याला कानाआधी पाठीत कळायचा.

चार वर्षांमागे ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्यासोबत आवाजही गेला. आता ती कुजबुजते तेवढंच. त्यानंतरच्या एका भाऊबीजेला ओवाळताना ती नुसत्या ओठांनी गवळण म्हणत होती. शेवटी ओठ उघडे राहिले आणि वर काहीच आलं नाही. हरिओमनं ते पाहिलं. त्याच आठवड्यात त्यानं व्हायोलिन आणलं. तो सूर ताईला परत ऐकवायचा, बस. दुसरं काही शिकायचं नव्हतं.

शिकवायला भगवानराव, शाळेतून निवृत्त झालेले संगीत मास्तर. खालचे सूर महिन्याभरात जमले. वर सरकलं की मात्र तार किंचाळायची. शेजारच्या तेलघाणीतले हमाल विचारायचे, हरिओमभाऊ, मांजर कोणाची धरली? तोही शिव्या घालायचा, पण थांबला नाही.

मग त्यानं त्याच्या धंद्याला शोभेल असं केलं. किरकिर आली की बेअरिंगला तेल, हे हातात भिनलेलं. त्यानं तारेवर मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि तारेवर ओढायच्या गजाच्या केसांवरही तेलाचं बोट फिरवलं. किरकिर बंद. पण सगळंच बंद. गज नुसताच घसरत होता.

भगवानरावांनी गज हुंगला. "काऊन बे, याले तेल देल्लं?"

"किरकिर करे ना, गुरुजी."

"अबे, केसानं तार धरली तं सूर निघते. म्हणून तं याले राळ लावतेत. तू तं पकडच काढून टाकली."

ते केस गेले ते गेलेच. तारा पुसल्या, नवा गज मागवला, त्यावर राळ चढवली. मास्तरांनी सांगितलं, बोट वर सरकलं की तुझा हात घाबरतो आणि गज घोडीपासून, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीपासून, लांब पळतो. त्याला घोडीजवळच ठेव, सावकाश ओढ, आणि सूर आधी मनात ऐक. मनात ऐकायला हरिओमकडे एकच सूर होता.

असे सात महिने गेले. कधी अर्धा क्षण सूर लागायचा, कधी आठवडा कोरडा.

परवा ताई आली. दुपारची वेळ, वीज गेलेली, आसपासची यंत्रं गप्प. त्यानं तिला जवळ बसवलं, काही न सांगता गवळण धरली आणि शेवटी बोट वर नेलं. सूर लागला. एक पूर्ण श्वास भरेल इतका वेळ, न थरथरता. बाहेर हमाल होते. यावेळी ते दाराशी येऊन उभे राहिले.

ताई डोळे मिटून होती. मग कुजबुजली, "चांगला हाय रे. पण हा तुया सूर हाय. माया नाही."

"मंग तुया कसा होता, ताई?"

तिनं गळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं. "मलेच आता नीट आठवत नाही."

हरिओमनं आठवून पाहिलं. मनात त्याच्याच व्हायोलिनचा आवाज येत होता. रोज घासून घासून त्यानं ताईचा सूर आपल्याच हातानं झाकून टाकला होता.

ताई गायची त्या वर्षांत मोताळ्याकडच्या गावांत भजनं कॅसेटवर भरून घ्यायचे. पुरुषांचेच आवाज भरायचे. पण मागचा आवाज अडवणार कोण? तुमच्या घरी पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर तशी एखादी कॅसेट पडली असेल, तर भंगारात देऊ नका. शेवटपर्यंत ऐका. पुढच्यांचा दम तुटतो तिथे मागून एका बाईचा सूर निघाला, तर ती कॅसेट खामगावला हरिओमच्या दुकानावर आणून द्या.