एल्डरबरीच्या बाजारातलं गाऱ्हाणं

शेवंती परब वाईट बातमी कुणाला सरळ सांगेल तर शपथ! मुलुंडच्या त्यांच्या बिल्डिंगीत हे सगळ्यांना ठाऊक. नवऱ्याची, धोंडूची, गिरणी बंद पडली ते तिने गावाला सासऱ्यांना कळवलं दोन वर्षांनी. स्वतःच्या छातीतली गाठ काढून आली आणि शेजारच्या मीराला म्हणाली, बहिणीकडे गेले होते गं. "उगाच कशाला दुसऱ्याच्या जिवाला घोर?" हे तिचं ठरलेलं वाक्य. बाई प्रेमळ, हात सढळ, पण गोष्ट पोटात गेली की गेलीच.

अशी ही बाई एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसली आणि इंग्लंडात एल्डरबरी नावाच्या जुन्या बाजारगावात येऊन थडकली. हौसेने नव्हे हो. सौरभ, तिचा एकुलता एक, तिथे नोकरीला. त्याच्याच घरात राहणारा बोरिवलीचा प्रांजल, त्याचा फोन आला होता. "काकू, सौरभ तीन आठवडे कामावर गेला नाहीये. पडदा लावून पडून असतो. माझ्याशीही बोलत नाही. तुम्ही या, प्लीज."

कारण तिला विचारायची गरजच नव्हती. फेब्रुवारीत धोंडू वीस दिवस हॉस्पिटलात होता. सौरभचा रोज फोन. "बाबा कसे आहेत?" आणि ही रोज सांगायची, "बरे आहेत रे, आत्ताच डोळा लागला." त्याचे व्हिसाचे कागद सरकारदरबारी पडून होते. मध्येच देश सोडला असता तर सगळं मुसळ केरात. म्हणून हिने गोष्ट गिळली. एकविसाव्या दिवशी धोंडू गेला. अग्नी दिला पुतण्याने, सिद्धेशने. पोटच्या पोराने तो फोनवर पाहिला.

आता ती येऊन बारा दिवस झाले होते. पाववाल्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर सौरभची खोली, खिडकी थेट चौकात उघडणारी. पण उघडतंय कोण! तिने कुळथाची पिठी केली, सोलकढी केली. तो दोन घास खायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. शुक्रवारची दोन तिकिटं काढलेली. विषय काढला की एकच उत्तर.

"तू जा, आई. मी तिथे येऊन करू काय? कुणासाठी येऊ?"

"माझ्यासाठी ये ना रे."

यावर तो पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचा. ते गप्प राहणं तिला सोसत नव्हतं. आई, तू का लपवलंस, असं ओरडला असता, ताट भिरकावलं असतं, तरी चाललं असतं. पण हा विचारेच ना! अन् आपणहून बोलायला हिची जीभ रेटेना. एवढ्या जन्मात कधी रेटली होती? याला असाच ठेवून परतले तर पुन्हा नजरेला पडेल की नाही, या भीतीने ती रात्र रात्र त्याच्या उशाशी बसून राहायची.

बुधवारी प्रांजलने तिला जबरदस्तीने बाहेर काढलं. पडका किल्ला दाखवला, आठशे वर्षांचं चर्च दाखवलं, मग गावाबाहेर नेलं. दगडी गडग्यांनी आखलेली हिरवीगार शेतं, उतारावर मेंढरं, खाली संथ नदी. दुसरी कुणी हरखून गेली असती. शेवंती गावाच्या कडेला थांबून इकडेतिकडे बघत राहिली.

"वेशीवर कुणीच नाही रे? ना दगड, ना देऊळ?"

"कोण पाहिजे, काकू?"

"राखणदार. गावाला राखतं कोण मग?"

प्रांजल हसला. तिला हसू आलं नाही. तिच्या कोकणातल्या गावी ओहोळाला, वडाला, वेशीला, सगळ्याला राखणारा असतो. बिनराखणीच्या गावात पोरगं ठेवलं आपण, वाट लागणार नाही तर काय!

परत येताना चौकाच्या मधोमध तिला तो दिसला. चार पायऱ्यांच्या जोत्यावर उभा पुरुषभर दगडी खांब, झिजून गुळगुळीत झालेला. प्रांजलने समजावलं की पूर्वी इथे बायका अंडी-लोणी विकायला बसायच्या, बाकी काही नाही. पण तिच्या मनाने घेतलं ते घेतलं.

"बायका उगाच बसतात होय कुठे? बाजाराला राखणारा आहे तो," ती म्हणाली.

राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं तर ते पुरुषाने. होळीला बिल्डिंगीखाली धोंडू घालायचा. नारळ ठेवून, हात जोडून, खड्या आवाजात एकेक वाक्य, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." शेवटचं मागणं तीनदा. शेवंती चाळीस वर्षं मागे उभी राहून फक्त तेवढंच म्हणत आली. व्हय म्हणणारं कुणी नसेल तर गाऱ्हाणं लटकतं, देवापर्यंत पोचत नाही, असं धोंडू सांगायचा.

गुरुवारी सकाळी बाजार भरला. तिने फळवाल्याकडून नारळ घेतला. मेल्याने शेंडी पार तासून टाकलेली! बिनशेंडीचा नारळ देवापुढे ठेवायचा? पण उद्या विमान. तिने तो पायरीवर ठेवला, चपला काढल्या, पदर खोचला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! गाव माझो न्हय, तुझा नाव माका ठावक नाय. पण जो कोण ह्या बाजाराची राखण करता, तेका माझो नमस्कार रे म्हाराजा!"

उत्तर द्यायला कोण होतं? फुलकोबी विकणारा म्हातारा हातातली पिशवी तशीच धरून बघत राहिला. चार बायका थांबल्या. सोबत आलेला प्रांजल लाजून लाल झाला. त्याला बिचाऱ्याला म्हणायचं काय तेच माहीत नव्हतं. शेवंतीने डोळे मिटले.

"माझो घोव वीस दिस हॉस्पिटलात होतो. झील रोज इचारी, बाबा कसे आसत. मी सांगलंय, बरे आसत. खोटा सांगलंय, म्हाराजा!"

तिचा आवाज चिरकला, पण आता बांध फुटला होता.

"आणि मरताना घोवान इचारल्यान, सौरभ इलो काय? तेकाय खोटा सांगलंय. येता हा, वाटेत आसा, म्हटलंय. तो दाराकडे बघत गेलो. बापाक झिलाच्या हातचा पाणी मिळाक नाय, ता माझ्यामुळा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज वरून आला. खिडकी सताड उघडी होती आणि सौरभ अर्धा बाहेर वाकला होता. राग होता त्या आवाजात, उघडा राग. शेवंतीच्या काळजात कट्यार गेल्यासारखं झालं आणि त्याच क्षणी छातीवरची धोंड हललीसुद्धा. बोलला! माझं लेकरू माझ्यावर ओरडलं!

"झाली चूक पदरात घे रे म्हाराजा!"

यावर उत्तर आलं नाही. खिडकीत आता कुणीच नव्हतं. तिने डोळे पुन्हा घट्ट मिटले. उरलं होतं शेवटचं मागणं. ते मागितलं आणि व्हय आलं नाही, तर?

"माझ्या झिलाक घराक ने रे म्हाराजा!"

काही नाही. चर्चच्या घड्याळाचे टोले पडले. कोणीतरी मोठ्याने खोकलं. मग मागे अनवाणी पावलं वाजली आणि थांबली. वळून बघायचा तिला धीर झाला नाही.

"परत म्हण," सौरभ म्हणाला. घसा बसलेला. "बाबा तीनदा म्हणायचे."

"माझ्या झिलाक..." दुसऱ्या वेळी तिने कसंबसं म्हटलं. तिसऱ्या वेळी हुंदका आला आणि शब्दच संपले. ती नुसती उभी राहिली, तोंड उघडं, हात जोडलेले.

तेव्हा तो तिच्या शेजारी आला. हात जोडले आणि बापाच्या खड्या आवाजात म्हणाला, "आमका दोघांक घराक ने रे म्हाराजा!"

शेवंतीने चाळीस वर्षं म्हटलेलं तेवढं एकच वाक्य म्हटलं, "व्हय म्हाराजा."