उलटे चालणारे सर

आमचे सर उलटे चालायचे. जाहिरातकलेच्या वर्गात कुणाचं पोस्टर पूर्ण झालं, की ते दारावर टाचायचे आणि त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे सरकायचे. व्हरांडा, पायऱ्या, मैदान, थेट कडुलिंबापर्यंत. अक्षरं वाचता येईनाशी झाली की थांबून म्हणायचे, "इथपर्यंत." कडुलिंबाच्या अलीकडे थांबले, तर पोस्टर पुन्हा करायचं. एकदा मागे जाता जाता गटारात पडले. आम्ही धावलो, तर चिखलात बसूनच म्हणाले, "इथूनही वाचता येतंय."

त्यांचं म्हणणं साधं होतं. लासलगावला कांद्याची ट्रॉली घेऊन निघालेला माणूस तुमच्या पाटीसाठी थांबणार नाही. जाता जाता त्याला जे कळेल तेवढंच तुमचं काम, बाकीची हौस.

मी देवळ्याची. शिक्षण संपताना मुंबईच्या एका जाहिरात कंपनीत मुलाखतीला बोलावलं, तेव्हा वडील अडून बसले. "पाट्या रंगवायला पोरीला मुंबईला कशाला धाडायची? लोक काय म्हणतील," हा त्यांचा मुद्दा. सर एसटीने घरी आले. खळ्यात पडलेली बियाण्याची रिकामी पिशवी उचलून त्यांनी वडिलांना विचारलं, हेच बियाणं का घेतलं. वडील म्हणाले, "चित्र बरं वाटलं."

"ते असंच कुणाच्या तरी पोरीनं काढलंय," सर म्हणाले.

वडील बराच वेळ पिशवी उलटीपालटी करत राहिले. मग त्यांनी आईला चहा टाकायला सांगितलं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी सरांनी माझ्या फाइलमधली निम्मी चित्रं काढून टाकली. नोकरी कामावर मिळते, गठ्ठ्यावर नाही, म्हणाले. मला तेव्हा भयंकर राग आला होता. नोकरी मात्र मिळाली.

गेल्या महिन्यात सर गेले. मी नाशिकला पोचले तर त्यांच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागलेला. गुलाबाच्या पाकळ्या, मेणबत्त्या, ढग, त्यात कापून चिकटवलेला सरांचा फोटो आणि ओढूनताणून रुंद केलेली अक्षरं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं आयुष्यभर अक्षर शिकवलं त्याच्या वाट्याला हे यावं? मी फ्लेक्स उतरवायलाच निघाले होते. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पोरांनी मनापासून लावलाय. तुम्हाला करायचं तर तुम्ही तुमचं करा."

दशक्रियेच्या आदल्या दुपारी आम्ही पाच-सहा जुने विद्यार्थी त्यांच्या अंगणात बसलो. सगळे मोठमोठ्या कंपन्यांतले, आणि एका कागदावरून शाळकरी पोरांसारखे भांडलो. कुणाला त्यांचं चित्र हवं, कुणाला चार ओळी, कुणाला सगळ्या विद्यार्थ्यांच्या सह्या. शेवटी एकानं विचारलं, "ट्रॉलीवाल्याला काय कळायला हवं?"

मग एकेक गोष्ट आम्ही काढून टाकत गेलो, त्यांनी माझ्या फाइलमधली चित्रं काढून टाकली होती तशी. चित्र गेलं, ओळी गेल्या, सह्या गेल्या. उरले दोन शब्द. ते मी काळ्या कागदावर पांढऱ्या रंगानं लिहिले, त्यांनी शिकवलेल्या चपट्या ब्रशनं: सर गेले.

कागद कोपऱ्यावर लावला. आम्हाला काय हवं होतं ते ठाऊक होतं, पण ते करणारा माणूस नव्हता. म्हणून मीच मागे चालायला लागले. मेडिकलचं दुकान मागे पडलं, पिठाची गिरणी मागे पडली. रस्त्यानं येणारा एक टेम्पो हळू झाला. ड्रायव्हरनं पाटी वाचली, एक हात कपाळाला लावला आणि तो पुढे गेला. म्हणजे जमलं होतं. असं काम माझ्या हातून याआधी कधी झालं नव्हतं, आणि सांगायला सर नव्हते.

मी चालतच राहिले. कॉलनीच्या टोकाच्या भिंतीला पाठ टेकली, तरी दोन्ही शब्द स्वच्छ दिसत होते. आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, आपलं अक्षर वाचता येऊ नये.