पाठवालीची उतरण

शेणवे गावची आमची आत्या कुत्र्यांना त्यांच्या दुखण्याने हाक मारी. कमरेने अधू अल्सेशियन म्हणजे 'कंबरवाला'. लोंबत्या कानांचा, कान सतत वाहणारा कॉकर स्पॅनियल 'कानवाला'. नव्वदच्या दशकात मुंबईकरांनी आमच्याकडे फार्महाउस बांधली, हौसेने कुत्री आणली आणि हौस फिटल्यावर ती राखणदाराच्या गळ्यात टाकली. तिथून ती आत्याच्या ओट्यावर येत. मलाही ती 'सर्दीवाला' म्हणे.

कानवाला जेवायला बसला की ती त्याचे कान डोक्यावर फडक्याने बांधून ठेवी. म्हणे, "देवानं झाकणासारखं कान दिलं. आत वारा कुठनं जायचा?"

'पाठवाली' शेवटी आली. लांबलचक, आखूड पायांची डॅशहंड. उंच ओट्यावरून दिवसभर उड्या मारी. एका सकाळी तिचे मागचे पायच उचलेनात. मी तिला शहापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, या जातीची पाठ नाजूक, मणक्यातली गादी सरकते. गोळ्या देतो, पण काही आठवडे हिला हलू देऊ नका. चालेल की नाही, सांगता येत नाही.

आत्याने कोंबड्या झाकायचं डालगं तिच्यावर उपडं घातलं, वर दगड ठेवला. शेजारीण म्हणाली, "कोंबडी भुकते का गो तुजी?"

"भुकते. अंडी तेवडी नाय देत."

हे आधी कळायला हवं होतं म्हणून मी स्वतःला बोल लावत बसे. आत्या तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तू कशाला कण्हतोस? गादी तिची सरकली."

एक दिवस आत्या चुलीत सुका बोंबील भाजत होती, तर डालग्यातून शेपटी आपटल्याचा आवाज आला. डालगं उचललं. पाठवाली उभी राहिली, झोकांडी गेली, पुन्हा उभी राहिली. त्याच आठवड्यात आत्याने ओट्याला माती आणि तुसाची उतरण घातली. पाठवाली तिच्यावरून कित्येक वर्षं डुलत चढली-उतरली.

ती म्हातारी होऊन गेली, तरी आत्या दर पावसाळ्यानंतर उतरण लिंपतच होती. आता कोणासाठी, असं मी विचारलं.

"आता मी गुडघेवाली," ती म्हणाली आणि माझा हात न धरता वर चढली.

आत्या गेल्यावर ओट्याला लादी बसवली. गवंडी उतरण फोडून पायऱ्या करणार होता. मी नको म्हटलं. अजून मातीचीच आहे, मीच लिंपतो. माझे गुडघे ठणठणीत आहेत, तरी चढतो तिच्यावरूनच.